श्वासाचा सांधा

मालतीबाई हसबनीस आयुष्यभर दुसऱ्याच्या गाण्यामागे बसल्या. अच्युतबुवा गायचे, टाळ्या घ्यायचे, शालही घ्यायचे. मालतीबाई त्यांच्या मागे, जरा उजवीकडे, तंबोरा धरून. मैफलीच्या प्रत्येक फोटोत त्यांचा अर्धा चेहरा तंबोऱ्याच्या दांडीआड गेलेला असे. त्यांच्या कामाचा नियम एकच. गवई थांबेल, खोकेल, पाणी पिईल, तबलजीकडे डोळे वटारून बघेल; तंबोरा थांबणार नाही. एकदा बोटाचं कातडं निघून तारेला रक्त लागलं तरी त्यांनी हात थांबवला नव्हता. ही गोष्ट त्या इतक्यांदा सांगत, की घरातले लोक पुढचं वाक्य आधीच म्हणून मोकळे होत.

त्यांची मुलगी इरावती गाण्यात गेली नाही. गळा बेताचा होता आणि कुणाच्या मागे बसायची तयारी अजिबात नव्हती. ती ध्वनितंत्र शिकली. पण कान आईचा घेऊन गेली, आणि आईचा तो नियमही घेऊन गेली. हे दुसरं तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

सगळ्याची सुरुवात घरातच झाली. बुवा गेल्यावर त्यांच्या मैफली कुणा हौशी माणसाने कॉम्प्रेस करून, तुकडे पाडून फोनवर चढवल्या होत्या. मूळ टेपा बुरशीने खाल्ल्या. मिरजेच्या घरात मालतीबाई दुपारी त्या ऐकत बसत आणि विलंबित संपून द्रुत सुरू होताना दर वेळी तोंड वाकडं करत.

"तुटला बघ," त्या म्हणत.

"काय तुटलं, आई?"

"तंबोरा. मी नव्हता हं तोडला. ह्या तुझ्या यंत्राने तोडला."

त्यांचं म्हणणं खरं होतं. आवाज लहान करून साठवायचा, तर संगणक त्याचे ठरावीक मापाचे तुकडे करतो, एकाच आकाराच्या डब्यांत भरावा तसा. गाणं काही डब्यांच्या हिशेबाने संपत नाही. शेवटचा डबा अर्धाच भरला तरी डबा तेवढाच राहतो आणि उरलेली जागा शांततेने भरली जाते. शिवाय आवाज दाबणाऱ्या गणिताला सुरुवातीला थोडी धाव घ्यावी लागते, तिथेही शांतताच जमा होते. सुट्या गाण्यात हे कुणाला कळतही नाही. पण सलग मैफल कापून दोन फायली केल्या की इकडची आणि तिकडची शांतता एकत्र येते आणि अखंड चाललेल्या तंबोऱ्याला उचकी लागते. ह्यावर जुना उपाय होता: किती जागा रिकामी राहिली ते फायलीतच नोंदवायचं आणि वाजवताना तेवढं कापायचं. पण जुन्या फायली करणाऱ्या बहुतेकांनी काहीच नोंदवलं नव्हतं.

इरावतीने त्या फायलींसाठी एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला 'सांधा' नाव दिलं. सांधा नुसता कापत नसे. तो अलीकडचा आवाज ऐके, पलीकडचा ऐके, मध्ये काय वाजत असणार ह्याचा अंदाज बांधे आणि तेवढा आवाज स्वतः विणून टाके. लाखो गाण्यांवर त्याला शिकवताना तिने एकच धडा गिरवून घेतला. मध्येच आलेली शांतता ही चूक आहे. ती दिसली की भरून काढ.

बुवांची मैफल नव्याने ऐकली तेव्हा मालतीबाईंनी डोळे मिटून घेतले. द्रुत सुरू झाली, पुढे गेली, आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळलं.

"हा माझा हात आहे," त्या म्हणाल्या.

मधला तो क्षणभराचा तंबोरा त्यांच्या हातचा नव्हता. इरावतीला ते ठाऊक होतं. पण आईने पहिल्यांदाच तिला मनापासून शाबासकी दिली होती, आणि अशा वेळी कोण चूक दाखवत बसतं?

पुढच्या काही वर्षांत सांधा कुठल्या कुठे गेला. पुण्याच्या स्वरबंध कंपनीने तो घेतला, इरावतीलाही घेतलं, आणि मग तो प्रत्येक फोनच्या, प्रत्येक स्पीकरच्या आतच बसून येऊ लागला. बोलताना रेंज गेली तरी समोरच्याचं 'हं, हं' चालूच राही. ह्यावरून बायकांनी नवऱ्यांची भरपूर टिंगल केली. तुटक आवाज म्हणजे काय, हे नव्या पोरांना माहीतच राहिलं नाही.

मग कंपनीने 'सोबत' काढलं. पुरीएवढी चकती, आजारी माणसाच्या उशीखाली ठेवायची. ती श्वास ऐकायची आणि दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या गावात बसलेल्या नातेवाइकाच्या कानात पोचवायची. कल्पना चांगली होती, पण आवाज मध्येच तुटला की ऐकणाऱ्याचा जीव जायची वेळ येई. लोक रुग्णवाहिका बोलवत, शेजाऱ्यांना दार फोडायला लावत, आणि आत आजोबा निवांत घोरत असत. उशी घासली तरी तेच. तक्रारींचा ढीग पडला.

"इरा, हे तर तुझंच काम," कंपनीचा प्रमुख कौस्तुभ निमकर म्हणाला. "सांधा बसव त्यात. घरच्यांना खंड जाणवता कामा नये."

तिने बसवला. आवाज बराच वेळ मिळाला नाही तर घंटा वाजावी, अशी सोय ठेवली. तरीही घंटा उगाच वाजे. उशीवर डोकं हललं की तुकडेच्या तुकडे खराब येत. शेवटी एका बैठकीत इरावतीनेच तोडगा सुचवला. सांध्याने दुरुस्त केलेला तुकडा चांगलाच धरायचा, म्हणजे घंटेचं मोजमाप तिथून पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. उगाचची घंटा बंद झाली. कौस्तुभने सगळ्यांना पेढे वाटले.

मालतीबाईंची फुफ्फुसं फायब्रोसिसने ताठरत चालली, तेव्हा इरावती पुण्याचं बिऱ्हाड आवरून मिरजेला आली. बरं होण्यातलं दुखणं नव्हतं, डॉक्टरांनी ते स्वच्छ सांगितलं होतं. मालतीबाईंनीही फार खळखळ केली नाही. त्यांनी एकच मागितलं.

"मला कसली भीती नाही गं. फक्त जाताना एकटी नको. तू हात धरून बस, मुकुंदला बोलावून घे. तुम्ही दोघं जवळ असलात की झालं."

"असणार, आई. वचन देते."

मुकुंद, इरावतीचा मोठा भाऊ, हुबळीला शाळेत शिकवत होता. दर सुट्टीला यायचा. त्याला ती चकती मुळीच पटली नाही.

"अगं, जवळ बस की तिच्या. एका घरात राहून हे कानात काय घालायचं?"

"दादा, मला वर काम असतं. खाली बसून बैठका घेतल्या तर तिला झोप लागत नाही. आणि मी जवळ बसून जेवढं ऐकेन त्याहून जास्त हे ऐकतं."

हे ती मनापासून म्हणत होती. खाली आईची खोली, वर गच्चीलगत तिची. कानांत दिवसभर आईचा श्वास. तो खडबडीत होता. दोन-तीन श्वासांनंतर एक अडके, बारीकशी शीळ वाजे, मग पुन्हा चाले. इरावतीला त्या अडकण्याचीही सवय झाली.

एकदा संध्याकाळी मालतीबाई तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "दुपारी तुला हाका मारल्या. आली नाहीस."

"स्वप्नात मारल्या असतील. मी सबंध दुपार तुलाच ऐकत होते. गाढ झोपली होतीस."

मालतीबाईंनी मुलीकडे जरा वेळ पाहिलं. "असेल बाई," त्या म्हणाल्या. "तुझं यंत्र म्हणतंय तर असेल."

त्यानंतर चार-आठ दिवसांतच, एका सकाळी त्यांना धाप जास्त लागली. इरावतीने घाबरून मुकुंदला फोन केला. तो शाळेतून तसाच निघाला. दिवसभर सांभाळणाऱ्या शेवंताबाईंनी मालतीबाईंना गरम पाणी पाजलं, पाठीला उशा लावल्या, आणि जरा डोळा लागलेला पाहून त्या नेहमीप्रमाणे जेवायला घरी गेल्या, त्या चहाच्या वेळेलाच परतत. इरावती वर आली. पुण्याच्या लोकांशी बैठक होती, ती टाळता आली असती. तिने कानांत आईचा श्वास घेतला आणि बैठकीचं बोलणं पडद्यावर नुसतं वाचायला घेतलं.

श्वास आधी फार अडखळत होता. मग हळूहळू सुधारला. अडकणं कमी झालं, शीळ गेली. एकसारखा, गोल, लांब श्वास येऊ लागला, उत्तम जुळलेल्या तंबोऱ्यासारखा. दुसऱ्या एखाद्या घरातली मुलगी अशा वेळी दचकली असती. इतक्या आजारी माणसाचा श्वास इतका सुरेख कसा, असं तिला वाटलं असतं. इरावती ज्या घरात वाढली तिथे एकसारखं चालणं म्हणजेच सगळं ठीक असणं. तिचे खांदे सैल झाले. बऱ्याच दिवसांनी तिला हलकं वाटलं.

तिने मुकुंदला फोन लावला. तो हुबळी स्टेशनवर होता, गाडी लागायची होती.

"दादा, उगाच धावपळ करू नकोस. आई आता अगदी छान झोपली आहे. इतका चांगला श्वास महिनाभरात ऐकला नाही मी."

"नक्की ना? मी निघालोच आहे, येतो तसाच."

"आत्ता येऊन तिला उठवशील, दुसरं काय. परीक्षा चालू आहेत ना तुझ्या? रविवारी वहिनीला घेऊनच ये."

"बरं," मुकुंद म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती. "देव पावला."

चहाच्या वेळी इरावती खाली उतरली. कानांत श्वास चालू होता. तिने खोलीचं दार ढकललं.

मालतीबाई पलंगावरून अर्ध्या खाली आलेल्या होत्या. एक हात दाराच्या दिशेला होता. पाण्याचं भांडं उपडं पडून फरशीवरचं पाणी वाळतही आलं होतं. इरावतीने त्यांना उचललं आणि हातांना कळलं. अंग गार होतं, मान वळत नव्हती.

आणि कानांत आई श्वास घेत होती. गोल, लांब, एकसारखा श्वास.

तिने कानांतली बटणं ओढून काढली. खोलीत काहीच आवाज नव्हता. वेड्यासारखी तिने ती पुन्हा कानांत घातली. श्वास आला. गेला. आला. तिने आईच्या नाकाशी बोट धरलं आणि कानांतला श्वास ऐकला, आणि एक क्षण, फक्त एक क्षण, तिचा बोटापेक्षा कानावर विश्वास बसला. ह्या एका क्षणाबद्दल तिने पुढे स्वतःला कधीच माफ केलं नाही.

डॉक्टर म्हणाले, झोपेत गेल्या असतील. शेवंताबाई रडत म्हणाल्या, पुण्यवान बाई, हाल झाले नाहीत. इरावती दोघांनाही मान डोलावत राहिली. मुकुंद आला तो संध्याकाळच्या गाडीने. तो आईच्या पायांशी बसून राहिला, आणि बहिणीला एकदाही 'मला का थांबवलंस' म्हणाला नाही.

चकती दिवसभराचा कच्चा आवाज स्वतःजवळ ठेवत असे आणि मग पुसून टाकत असे. लोक अंगणात तिरडी बांधत होते, तेव्हा इरावतीने तो उतरवून घेतला. ऐकायची हिंमत तिला क्रियाकर्म उरकल्यावर झाली. ज्यावर तिने सांधा बनवला होता, त्या जुन्या संगणकावर तिने तो लावला. त्या एका यंत्रात सांधा बसवलेला नव्हता.

त्यात खोकला होता. भांडं पडल्याचा आवाज होता. पलंगाची करकर होती. आणि हाका होत्या. "इरा... ए इरा... वर आहेस ना गं?" मध्ये धाप, मध्ये काहीच नाही, मग पुन्हा हाक. सांध्याने हे सगळं खराब धरलं होतं. खोकला म्हणजे उशीची घासाघास, हाक म्हणजे तुटलेला तुकडा. त्याने प्रत्येक हाक काढून तिथे आधीचा चांगला श्वास विणला. मग त्या विणलेल्या श्वासावरून पुढचा विणला. हाका थांबल्या, पाठोपाठ श्वासही थांबला, आणि उरलेली ती शेवटची शांतता त्याने शिकवल्याप्रमाणे चूक म्हणून भरून काढली. प्रत्येक दुरुस्त तुकडा चांगला, म्हणून घंटा वाजायचं कारणच नव्हतं.

इरावतीने तो आवाज कौस्तुभला पाठवला. 'सोबत' हजारो घरांत होतं. आजच्या आज बंद करायला हवं, असं लिहिलं. त्याचा तासाभरात फोन आला.

"इरा, मी ऐकलं. सगळ्यांना बसवून ऐकवलं. अगं, ह्यात तर त्या शांत झोपल्या आहेत."

तिला कळायला वेळ लागला नाही. त्याच्या फोनमध्ये सांधा होता. बैठकीच्या खोलीतल्या स्पीकरमध्येही होता. आईच्या हाका तिथेही दुरुस्त होऊन वाजल्या होत्या.

ती त्याच दिवशी जुना संगणक उचलून पुण्याला गेली आणि तो त्याच्या टेबलावर ठेवून त्याला ऐकवलं. कौस्तुभ माणूस वाईट नव्हता. तो पांढराफटक पडला. मग कामाचं बोलू लागला.

"'सोबत' बंद करायचं तर चौकशी समिती बसेल, आणि तिच्यापुढे हे ठेवायला वारसांची संमती लागेल. दोघांची. घरातला खाजगी आवाज आहे हा. तुझा भाऊ देईल? आणि आमच्याकडून त्याला काय गेलंय, माहीत आहे ना तुला?"

तिला माहीत नव्हतं. कंपनी हल्ली प्रत्येक कुटुंबाला दिवसकार्यानंतर एक भेट पाठवत असे. गेलेल्या माणसाचे अखेरचे श्वास, सलग, स्वच्छ, ऐकायला गोड. कुणाला सांगावं लागत नसे, आपोआप जात.

मुकुंद ती भेट रोज ऐकत होता. हुबळीच्या त्याच्या घरी इरावती पोचली तेव्हा त्याने तिला आधी बसवलं, पाणी दिलं आणि फोन काढून दाखवला.

"रोज शाळेत जायच्या आधी ऐकतो," तो म्हणाला. "परवा काका आले होते, त्यांनाही ऐकवलं. तू म्हणालीस ते खरं होतं गं. किती शांत गेली. मी आधी फार जळत होतो मनातून, थांबायला नको होतं म्हणून. हे ऐकलं आणि निवांत झालो. आणि तू होतीस ना जवळ."

सुनंदा वहिनी स्वयंपाकघरात चहा टाकत होती. दारातून रस्त्यावरचा रिक्षांचा आवाज येत होता. इरावतीला वाटलं, उठावं आणि परत जावं. भाऊ सुखात आहे. आई तर गेलीच आहे. ह्यातलं काही बदलणार नाही. पण कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी घरात, आत्ता ह्या घटकेला कुणी कानांत बटणं घालून बसलं असेल आणि खालच्या खोलीतून हाका येत असतील, हा विचार तिला दोन पावलंही जाऊ देईना.

"दादा, मी जवळ नव्हते," ती म्हणाली. "मी वर होते."

तिने सगळं सांगितलं. तंबोऱ्याची उचकी, सांधा, पेढे, घंटा. काही वगळलं नाही, स्वतःला झाकलं नाही. मग जुना संगणक टेबलावर मांडला. मुकुंद नको म्हणाला नाही. चष्मा काढून हातात घेऊन बसला.

खोकला झाला, भांडं पडलं. "इरा... ए इरा..." मुकुंदने डोळे घट्ट मिटले. इरावतीने थांबवायला हात पुढे केला तर त्याने तो धरून बाजूला सारला. हाका चालू राहिल्या, बारीक होत गेल्या. मग बराच वेळ नुसती धाप. आणि मग मालतीबाईंचा आवाज आला, समोरच्या माणसाशी बोलावं इतका साधा.

"मुकुंद आला का गं?"

पुढे काही नव्हतं. ह्या यंत्राने ते नसणं जसंच्या तसं वाजवलं.

स्वयंपाकघरात वहिनीने गॅस बंद केल्याचं ऐकू आलं. तिनेही ऐकलं असावं.

"मी तिकीट काढलं होतं," मुकुंद म्हणाला. "फलाटावर उभा होतो मी. गाडी दिसत होती येताना."

"दादा..."

"वेळेत पोचलो नसतोच. पण शेवंताबाईंना फोन करून म्हणालो असतो, जाऊन सांगा तिला, येतोय म्हणून. तेवढं तरी कुणी सांगितलं असतं."

इरावती रडू लागली. त्याने तिला रडू दिलं, जवळ घेतलं नाही. मग त्याने संमतीच्या कागदावर सही केली, तारीख घातली आणि कागद तिच्याकडे सरकवला.

"जा. सगळ्यांना ऐकव," तो म्हणाला. "कुणाला सोडू नकोस. मी येईन साक्षीला, बोलाव. पण तोवर मला फोन करू नकोस, इरा. तुझा आवाज मला नको आहे."

तिने संगणक पिशवीत घातला. वायर नीट गुंडाळली जाईना. ती तशीच कोंबून इरावती उठली आणि निघून गेली. वहिनी कप घेऊन बाहेर आली तेव्हा मुकुंद टेबलापाशी एकटाच बसलेला होता. त्याने फोन हातात घेऊन आईचे ते श्वास लावले होते आणि तो ते ऐकत होता.